चढणीच्या घंट्या

सासरा गेला आणि महिना उलटायच्या आत दोघा भावांची भट्टीवरून जुंपली. भट्टी म्हणजे तरी काय, डोंगराच्या कुशीत दगडांची एक बुटकी खोली, छपराला पिढ्यांची काजळी, मध्ये खड्डा आणि कोपऱ्यात भाता. मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंट्या इथे बनत. खोलीत ताठ उभं राहिलं तर डोकं छपराला आपटायचं, म्हणून त्या घरातले पुरुष चाळिशीतच वाकलेले. असल्या खोलीसाठी दोन धडधाकट माणसं एकमेकांच्या उरावर बसायला निघाली होती, याचं थोरल्या सुनेला हसू यायचं. भट्टी आपल्याच नवऱ्याला मिळायला हवी, याबद्दल मात्र तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

गाव तिला पाठीमागे कातरी म्हणायचं. तोंडावर म्हणायची कुणाची टाप नव्हती. जीभ अशी, की आपण कापले गेलो हे समोरच्याला घरी जाऊन पाणी पिताना कळायचं. तिला गावात कुणीच फारसं पसंत नव्हतं. दुकानदार तिच्या मते पायलीभर बोलून चिमूटभर माल देणारा, शेजारीण रडायला कारण शोधत फिरणारी, आणि जाऊ म्हणजे नुसता आरसा, समोर जो उभा राहील त्याच्यासारखी दिसणारी. पण या सगळ्यांना पुरून उरेल एवढा तिरस्कार तिने एकाच माणसासाठी राखून ठेवला होता. तो म्हणजे तिचा धाकटा दीर.

खाली सडकेला लागून लोककला केंद्र निघालं होतं. धाकटा गेली काही वर्षं तिथे बसायचा. अंगात नक्षीचं जाकीट, जे त्याच्या सात पिढ्यांत कुणी घातलं नव्हतं. बसमधून पाहुणे उतरले की हा छोटी हातोडी घेऊन टुकटुक करायचा, घंटीवर निळी-तांबडी फुलं रंगवायचा आणि पहिली घंटी म्हणे डोंगराच्या राणीने स्वप्नात येऊन कशी शिकवली त्याची गोष्ट सांगायचा. कातरीने ती गोष्ट एकदा खिडकीआडून ऐकली होती. घरी येऊन ती इतकी हसली की मळायला घेतलेलं पीठ तसंच राहिलं. त्याच्या घंट्या वाजवल्या तर बशीवर चमचा आपटल्यासारखा आवाज यायचा. पाहुणे त्या दिवाणखान्यात खिळ्याला टांगायचे, म्हणजे तेवढाही आवाज व्हायचं कारण नव्हतं. "भावोजींचा कान लहानपणीच कुणीतरी पिळून काढून घेतला असावा," असं ती नवऱ्याला म्हणायची, आणि नवरा मान हलवायचा.

केंद्राच्या मॅडमना भट्टी हवी होती. भिंत पाडून काच बसवायची, कठडा करायचा, आतला माणूस काम करताना पाहुण्यांनी बाहेरून बघायचं. त्यांच्या बोलण्यात वारसा हा शब्द इतक्यांदा यायचा की ऐकणाऱ्याला कुणीतरी मेल्यासारखं वाटायचं. धाकटा म्हणाला, यातच भट्टी टिकेल. थोरला म्हणाला, माझ्या बापाच्या भट्टीचा पिंजरा होऊ देणार नाही. शब्दाला शब्द वाढला, हातोडे हातात आले, तेव्हा गावातली चार जुनी माणसं मध्ये पडली. त्यांनी तोड काढली ती अशी: बर्फ वितळलं की कळपवाला मेंढ्या घेऊन वरच्या कुरणांत चढतो. दोघांनी पाच-पाच नव्या घंट्या करून त्याच्यापुढे मांडायच्या. कळपवाला ज्याच्या उचलेल, भट्टी त्याची. दोघांनी मान्य केलं. मेलेल्या सासऱ्यालाही हेच पटलं असतं. तो म्हणायचा, आपल्या घंटीला मेंढरांनी नावाजावं, माणसांनी नाही.

पाच घंट्यांचं गणित सोपं होतं आणि फार अवघडही. सगळ्यांत मोठी पुढच्या एडक्याच्या गळ्यात, सगळ्यांत लहान मागे रेंगाळणाऱ्या म्हाताऱ्या मेंढीच्या, बाकीच्या तीन मध्ये. वर धुकं उतरलं की चार हातांवरचं दिसत नाही. तेव्हा माणसाने डोळे मिटून बसावं आणि पाच आवाज ओळखावेत: पुढचा इथे, मागचा तिथे, मधला कड्याकडे सरकतोय. पाचांनी एकमेकींशी जमवून घ्यायचं, पण कुणी कुणात हरवायचं नाही. दोन घंट्या एकमेकींना खायला लागल्या की कळप फुटला तरी कळायचं नाही.

आता आतली गोष्ट. थोरल्याला ऐकू येत नव्हतं.

अगदीच येत नव्हतं असं नाही. हाक ऐकू यायची, कुत्र्याचं भुंकणं ऐकू यायचं. पण ऐरणीवर आयुष्य घालवलेल्या माणसाच्या कानातून जे बारीक असतं ते आधी जातं. काठ ठोकून घंटीचा सूर लावताना जो केसाएवढा फरक ऐकावा लागतो तो त्याच्या कानातून गेला होता. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. एका हिवाळ्यात तो घंटीच्या काठावर ठोकत होता, ठोकत होता, आणि दारात उभ्या कातरीला धुराने ठसका लागला. त्याचा हातोडा थांबला. योगायोगाने घंटी त्याच ठोक्याला जागेवर आली होती. त्याने वर पाहिलं, तिने खाली पाहिलं. पुढच्या घंटीला ती मुद्दाम खोकली. तेव्हापासून घरातल्या प्रत्येक घंटीचा सूर कातरीच्या खोकल्यावर लागत आला होता.

ती लग्न होऊन आली तेव्हा सासऱ्याने तिला घंट्यांवरची भाजलेली माती फोडायच्या कामाला बसवलं होतं. हजारो घंट्या तिच्या हातांत पहिल्यांदा बोलल्या. कान तयार झाला तो तिथे. पण खोकल्याबद्दल नवराबायकोत एक अक्षर निघालं नाही. कळपवाला घंट्या नावाजायचा, नवरा मिशीवरून हात फिरवायचा, आणि ती चुलीपाशी बसून मनात म्हणायची, घे, घे फुगून. फार काही मागणं नव्हतं तिचं. एकदा, चारचौघांत, त्याने मान वळवून तिला विचारावं, एवढंच. बरी वाजते का, इतकं जरी विचारलं असतं तरी तिला जन्मभर पुरलं असतं.

त्या वर्षी थंडी हटता हटत नव्हती. लाकडं ओली, दार उघडलं की बर्फाचं पाणी आत यायचं. थोरल्याने पत्रा कापला, ऐरणीवर वळवला, कडा एकमेकींत अडकवून रिवेट मारले. वळवताना त्याच्या खांद्यातून कट असा आवाज यायचा, तो फक्त तिला ऐकू यायचा. ती शेण, माती आणि बारीक भुसा तुडवत होती. गार चिखलात पाय पोटऱ्यांपर्यंत निळे पडायचे. मग प्रत्येक घंटीभोवती पितळेची मोड लावायची, जुन्या कड्या, तुटके नळ, कुलपांचे तुकडे, आणि सगळं मिळून चिखलाच्या गोळ्यात बंद करायचं. गोळा नीट झाकला नाही तर पितळ आगीत पळून जातं. तिच्या हातून आजवर एकही गोळा फुटला नव्हता. नवऱ्याला हे माहीत होतं, म्हणून तो गोळ्यांकडे बघतही नसे. बघितलं नाही की कौतुकही करावं लागत नाही.

गोळे सुकत ठेवले त्या दिवशी केंद्राच्या मॅडम पाहुण्यांचा घोळका घेऊन भट्टीवर आल्या. पुढे जाकीटवाला धाकटा. त्याने दारातून आत यायला भावाची परवानगी मागितली, तीही अशा नम्रपणे की कातरीला उलटी यायची बाकी राहिली. पाहुण्यांनी नाकाला रुमाल लावले. एकाने तिच्या चिखलाने माखलेल्या हातांचा फोटो काढला, नुसत्या हातांचा, मग तिला हात थोडे पुढे धरायला सांगून आणखी एक. मॅडमनी विचारलं, या कामात बायकांचा सहभाग कितपत असतो. मॅडमच्या आवाजात अशी काही काळजी होती, की जणू कातरी कोणत्याही क्षणी मोडून पडेल.

कातरीने नवऱ्याकडे पाहिलं. धाकटाही त्याच्याकडेच बघत होता.

"हिचा?" थोरला म्हणाला. पाहुण्यांसमोर त्याच्या अंगात वारं भरलं होतं. "ही माती तुडवते आणि दारात उभी राहते. बायकांच्या कानाला शेजारणीची कुजबुज बरोबर कळते, घंटीचं काही कळत नाही."

पाहुणे हसले. मॅडमना हसावं की नाही ते कळेना, मग त्याही हसल्या. धाकटा हसला नाही, पण ते कातरीने मोजलं नाही. त्याला विनोदसुद्धा उशिरा समजत असणार, असं ती मनात म्हणाली. तिने हात बादलीत बुडवले आणि पाणी गढूळ होईपर्यंत धूत राहिली. तिला राग आला नव्हता. राग ज्याची किंमत असते त्याच्यावर येतो. तिला तो माणूस एकदम बारीक दिसायला लागला, मिशीला लटकलेला.

पेटवणीच्या दिवशी दोघं एकमेकांशी नेहमीइतकंच बोलली, म्हणजे काहीच नाही. तिने भाता ओढला. ज्वाळेचा रंग हिरवट झाला, म्हणजे आत पितळ वितळलं. त्याने सांडशीने लालभडक गोळे बाहेर काढून जमिनीवर लोळवले, पितळ आत सगळीकडे सारखं पसरावं म्हणून. एका गोळ्याची ठिणगी त्याच्या मनगटावर उडाली. तो कळवळला. एरवी तिने धावत जाऊन गार माती थापली असती. या खेपेस तिने माती त्याच्याजवळ सरकवली आणि भात्याकडे वळली.

दुसऱ्या दिवशी तिने माती फोडली. आतून पाच घंट्या निघाल्या, तांबूस-सोनेरी, एकीलाही डाग नाही. अजून मुक्या, अजून कुठल्याच सुराच्या नाहीत. त्याने आत लोलक अडकवले, हलका हातोडा घेतला आणि मोठीचा काठ ठोकायला लागला. ती दारात उभी राहिली. समोर कोंबड्या चिखल उकरत होत्या. तिने त्यांच्याकडे नजर लावली.

ठोका, हलव, ठोका, हलव. मोठी जवळ आली. आणखी दोन हलके ठोके, बस. ते दोन पडले. घंटी जागेवर आली, अशी आली की कातरीच्या घशात नुसती सवयीने खवखव उठली. तिने ती गिळली. हातोडा थांबून राहिला. मग आणखी एक ठोका पडला आणि सूर निसटला.

त्याने मोठी बाजूला ठेवली, दुसरी घेतली. तिच्या बाबतीतही तेच. तिसऱ्या घंटीच्या वेळी त्याने काठ जबड्याच्या हाडाला टेकवून वाजवून पाहिला, डोळे मिटून. मिटलेल्या डोळ्यांनी तो एकदम म्हातारा दिसला. त्याने डोळे उघडले ते सरळ तिच्याकडे.

"सर्दी बरी झाली वाटतं," तो म्हणाला.

इतक्या वर्षांत तो विचारण्याच्या इतका जवळ कधी आला नव्हता. तिला ते कळलं. हे विचारणं नव्हे, हे चोरासारखं भिंतीवरून डोकावणं आहे, असं तिने स्वतःला सांगितलं. दारातून आत येऊन माग की.

"झाली," ती म्हणाली.

मग त्याने मान खाली घातली आणि उरलेल्या घंट्या अंदाजाने ठोकून संपवल्या. पाचवी, सगळ्यांत लहान, त्याने इतकी ठोकली की ती मेलीच. वाजायची, पण आत कुणी नसल्यासारखी. कातरी घरात गेली आणि चुलीवर पाणी ठेवलं. तिला बरं वाटत होतं. कळपवाला घंट्या हलवील, तोंड वाकडं करील, आणि सगळ्या गावासमोर या माणसाला कळेल की आपला कान कुठे होता. भट्टी जाईल. जाऊ दे. काचेच्या पिंजऱ्यात जाऊन बसू दे मिशी घेऊन.

चढणीच्या दिवशी गावाच्या वरच्या अंगाला मोकळ्या जागेवर कळप उभा होता. मेंढ्यांच्या पाठीवर वाफ, पायाखाली चिखल, वरच्या कड्यांवर ढग टेकलेले. चार जुनी माणसं दगडावर बसली होती. मॅडम कॅमेरा घेऊन आल्या होत्या, जाऊ त्यांच्यासारखीच शाल गुंडाळून त्यांच्या शेजारी. दोन पोत्यांवर पाच-पाच घंट्या मांडलेल्या. धाकट्याने आज जाकीट घातलं नव्हतं. त्याच्या घंट्यांवर फुलंही नव्हती, नुसतं उघडं पितळ. रंग संपला असेल, असं कातरी शेजारणीला म्हणाली आणि शेजारीण भीतीने हसली.

कळपवाला आला. उंच, ढिला माणूस, सतत काहीतरी चघळणारा. त्याने आधी धाकट्याच्या घंट्या उचलल्या आणि एकेक हलवली.

कातरीचं हसू ओठांवरच राहिलं. मोठी खोल बोलली. दुसरी तिच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहावी तशी. तिसरी, चौथी, आणि लहान तर इतकी स्वच्छ की कळपातल्या दोन मेंढ्यांनी माना वर केल्या. पाचांपैकी एकही दुसरीच्या वाटेत येत नव्हती. सासऱ्याच्या शेवटच्या चांगल्या वर्षानंतर तिने असं काही ऐकलं नव्हतं. तिने लगेच ठरवून टाकलं की या सासऱ्याच्याच असणार. याने कुठूनतरी उचलून, घासून-पुसून आणल्या. चोरटा मेला. दुसरं काही तिला सुचलं नाही, कारण दुसरं काही सुचू द्यायचं नव्हतं.

मग कळपवाल्याने थोरल्याच्या हलवल्या. मोठी घोगरी. तिसरी आणि चौथी एकमेकींच्या अंगावर धावून गेल्या. लहान आली आणि कुठे गेली ते कळलंही नाही. आता.

कळपवाल्याने चघळणं थांबवलं. पुन्हा सुरू केलं.

"दोन्हीकडच्या चांगल्याच आहेत की," तो म्हणाला.

दगडावरची चार माणसं एकमेकांकडे बघायला लागली. एक म्हणाला, तसं नाही, आवाजावरून निवडायचं ठरलंय. कळपवाला ओशाळला. त्याने खिशातून मोबाइल काढला आणि सगळ्यांना दाखवला. पुढच्या एडक्याच्या आणि आणखी काही मेंढ्यांच्या गळ्यात त्याने गेल्या वर्षीच यंत्रं बांधली होती. धुकं असो नाहीतर अंधार, कळप कुठे आहे ते त्यात ठिपक्यांनी दिसायचं. घंट्यांचं आता तसं काही अडत नाही, तो म्हणाला, पण गळा मोकळा बरा दिसत नाही. मग त्याने दोन्ही पोत्यांकडे एकदा पाहिलं आणि थोरल्याच्या घंट्या उचलल्या. दरवर्षी याच्याच घेतो, बापापासूनची सवय आहे, म्हणाला. संपलं.

लोकांनी थोरल्याला घेरलं. कुणी पाठीवर थाप मारली. थोरल्याचा हात मिशीकडे गेला आणि तिथेच राहिला. मॅडम नाराज होऊन कॅमेऱ्याची पिशवी बंद करायला लागल्या. कातरी जागची हलली नाही. ज्या कानाच्या जिवावर ती सगळ्या गावाला कस्पटासमान लेखत आली होती, त्याची या डोंगरात कुणालाही गरज नव्हती. तिने घसा मोकळा केला असता तरी हेच झालं असतं, नाही केला तरी हेच झालं. गाढवं सगळी, असं ती पुटपुटली, पण शब्दाला धार आली नाही.

कळपवाल्याने घंट्या बांधल्या आणि कळप चढणीला लागला. धाकटा आपलं पोतं गुंडाळत तिच्याजवळून निघाला होता. तो थांबला.

"वहिनी," तो हळू म्हणाला, "तिसरी आणि चौथी एकमेकींना खातायत. लहानी तर मेलेली आहे."

तिला घंट्यांचं नवल वाटलं नाही. हा माणूस ऐकतो, याचं वाटलं.

"तुमच्या घंट्या..." ती म्हणाली.

"माझ्याच. मावशीच्या परसात खड्डा खणून भाजल्या. केंद्रात रंग लागतो, सूर लागत नाही, म्हणून तिथे लावत नाही." त्याने पोत्याला गाठ मारली. "दादाला ऐकू येत नाही हे मला बाबा होते तेव्हापासून ठाऊक आहे. तुमच्या खोकल्यावर चालतंय हेही."

"मग मघाशी बोलला का नाहीत? भट्टी तुमची झाली असती."

"चार माणसांत? दादाला बहिरा म्हणू?" त्याने तिच्याकडे पाहिलं. ती नजर तिच्या ओळखीची होती. इतकी वर्षं ती स्वतः ती वापरत आली होती, त्याच्यावर, जावेवर, सगळ्या गावावर. "मी त्याच्यासाठी गप्प बसलो वहिनी. तुम्ही कशासाठी बसलात?"

गावाच्या कातरीची मान गरम झाली आणि कानांपर्यंत रक्त चढलं. तिला लाज वाटली, साधी, उघडी लाज, लहान मुलीला चोरी पकडल्यावर वाटते तशी.

कळप वरच्या वळणाला पोचला होता. ढग खाली येत होते आणि पुढच्या मेंढ्या त्यांत शिरायला लागल्या होत्या. थोरला चार जणांच्या घोळक्यातून दोन पावलं पुढे आला, हात कानामागे धरून. मग तो वळला आणि सगळ्यांदेखत त्याने तिला हाक मारली.

"अगं, अजून ऐकू येतायत का?"

माणसं तिच्याकडे बघायला लागली. धाकटाही. वरून मोठी घोगरी घंटी येत होती, तिच्यामागून दोघींची झटापट, आणि शेवटची येत नव्हतीच.

"येतायत," ती म्हणाली.

"पाचही?"

"पाचही."

"कशा वाजतायत?"

"चांगल्या," कातरी म्हणाली.

नवऱ्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद पसरला, की तिला तो बघवेना. तो चौघांकडे वळला. "हिचा कान फार चांगला आहे," तो त्यांना सांगायला लागला. "इतकी वर्षं माझ्या प्रत्येक घंटीचा सूर हिनेच लावलाय."